माउंट व्हर्ननचे परसदार

"अमेरिकेत जाऊन काय पाहिलेत?" असे कोणी विचारले, की "एक उकिरडा पाहिला," असे मी सांगतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. प्राध्यापक मंडळींच्या विनोदबुद्धीविषयी लोकांचे मत आधीच फारसे चांगले नसते. ते आणखी खाली घसरते. पण मी विनोद करीत नसतो. तो उकिरडा साधासुधा नव्हता. त्याला छप्पर होते, गोट्यांची फरसबंदी होती, आणि तो बांधवून घेणाऱ्या गृहस्थाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन असे होते.

मे महिन्याच्या सुटीत मी आणि सौ. माझ्या धाकट्या बहिणीकडे व्हर्जिनियात गेलो होतो. बहीण गेली पंधरा वर्षे तिकडे आहे; भाचा तिकडच्याच शाळेत शिकतो आणि मला 'मामा' म्हणताना 'म'वर विनाकारण जोर देतो. माझ्या बॅगेत चितळ्यांची बाकरवडी, मेतकूट, दोन किलो भाजणी आणि एक कागद होता. बाकरवडी दोन दिवसांत संपली. कागद मात्र बॅगेतच राहिला.

हा कागद म्हणजे एक संमतिपत्र होते. वाईजवळच्या गावी आमचा जुना वाडा आहे. आता तेथे कोणी राहत नाही. धाकट्या भावाने बेत आखला होता, की पुढचा चौक आणि माडी नीट दुरुस्त करून पर्यटकांना उतरायला द्यावी, आणि मागचे सारे, म्हणजे गोठा, कोठीची खोली, न्हाणीघर आणि गड्याची खोली, पाडून तेथे मोटारी उभ्या करायला जागा करावी. बेत व्यवहाराला धरून होता. मी सही करून टाकली होती. बहिणीची तेवढी राहिली होती.

एका शनिवारी मेहुण्यांनी मोटार काढली. वॉशिंग्टन शहरापासून माउंट व्हर्नन पंधरा-सोळा मैलांवर आहे. अलेक्झांड्रिया गाव मागे पडले, की रस्ता पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने झाडीतून जाऊ लागतो. ही जमीन १६७४ सालापासून वॉशिंग्टन घराण्याकडे होती. सावत्र भाऊ लॉरेन्स वारल्यानंतर जॉर्जने १७५४ मध्ये ती त्याच्या विधवेकडून कराराने घेतली, आणि १७६१ मध्ये ती विधवाही वारल्यावर तो तिचा धनी झाला. पुढे तो सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला. पण स्वतःला शेतकरी म्हणवून घेण्यात त्याला जन्मभर धन्यता वाटे. १७९९ च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा त्याची जमीन आठ हजार एकरांच्या आसपास होती आणि तिची पाच शेते पाडलेली होती.

थोरली हवेली टेकडीवर नदीकडे पाठ करून उभी आहे. पांढरीशुभ्र, लाल छपराची, वर छोटासा घुमट. दुरून पाहणाऱ्याला ती दगडी वाटते. जवळ गेल्यावर कळते, की सारे लाकूड आहे. फळ्यांच्या कडा तासून त्यांना चिऱ्यांचा आकार दिला आणि ओल्या रंगावर वाळू उडवली, की लाकडाचा दगड होतो! आपल्याकडे लग्नघरी भिंतींना नुसता वरवर चुना फासतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त फार नीटसपणे केलेला. घर आतून पाहण्यासाठी वेळ नेमून दिलेली तिकिटे असतात. आमची वेळ दीड तासाने होती. सौ. आणि बहीण फुलबागेकडे वळल्या, मेहुणे दुकानात शिरले आणि भाचा मेहुण्यांचा खिसा पकडून त्यांच्या मागे गेला. मी एकटाच हवेलीच्या बाजूला गेलो.

तेथे एक गल्ली लागली. गल्लीच्या कडेला एकामागून एक लहानलहान घरे. सगळी पांढरी, सगळी लाल छपराची, मोठ्या घराची पिल्लेच जणू. पाहुण्यांची रांग हवेलीच्या दाराशी होती आणि इकडे शुकशुकाट. मी पहिल्या घरात डोकावलो आणि एकदम घरी आल्यासारखे वाटले.

कारण ते स्वयंपाकघर होते. आगीच्या भीतीने, आणि उकाडा व वास घरात येऊ नये म्हणून, ते हवेलीपासून वेगळे बांधून मधे एक कमानदार छपरी वाट ठेवली आहे. पुरुषभर उंचीची चूल, आकड्यांना टांगलेली भांडी, बाजूला भटारखाना. येथे हर्क्युलिस नावाचा एक नामांकित आचारी काम करीत असे. राष्ट्राध्यक्षाच्या फिलाडेल्फियातील मुदपाकखान्यावर त्याची हुकमत होती. पण तो गुलाम होता. १७९६ च्या अखेरीस त्याला येथे परत धाडून मातीकामाला जुंपले, आणि १७९७ च्या २२ फेब्रुवारीला, म्हणजे नेमक्या धन्याच्या वाढदिवशी, हा आचारी पसार झाला! थोड्याच दिवसांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई फिलिप येथे पाहुणा आला. त्याच्या सेवकाने हर्क्युलिसच्या लहानग्या मुलीला विचारले, की आता बाप पुन्हा दिसायचा नाही याचे तुला फार वाईट वाटत असेल ना? त्यावर ती पोर म्हणाली, की मला तर आनंद आहे, तो आता मोकळा झाला. राजपुत्राने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले आहे. मी त्या चुलीपुढे बराच वेळ उभा होतो.

पुढे सामानाची कोठी. खिळे, अवजारे, कापड, सारे कुलपाआड, आणि देण्याघेण्याची चोख नोंद. त्यानंतर मांस धुरावण्याची कोठी. डुकराचे मांस खारवून येथे टांगायचे आणि खाली मंद जाळ करून धुराखाली ठेवायचे. आम्हां शाकाहारी माणसांना तिचा अर्थ लागायचा नाही, पण आमच्या आजीच्या शिंक्यावरचा आणि चुलीच्या धुराने काळवंडलेल्या माळ्यावरचा ठेवा आठवला, की युक्ती तीच हे कळते: आज आहे ते पुढे पुरवायचे. मग धुलाईघर. मोठ्या कायली, लाकडी पिंपे. विहिरीवरून पाणी ओढायचे, उकळायचे, राखेच्या क्षाराच्या साबणाने कपडे चोळायचे, पिळायचे, वाळवायचे. धन्याच्या घरी पाहुण्यांचा राबता अखंड. म्हणजे चादरींचा ढीगही अखंड. हवेलीतल्या शुभ्र चादरींचे कौतुक करणाऱ्या पाहुण्यांच्या लेखण्यांनी या घरापर्यंत यायची तसदी क्वचितच घेतली असेल.

त्यापुढे बग्गीखाना, मग विटांची पागा, आणि पागेजवळ तो उकिरडा.

वॉशिंग्टनचा हा खरा छंद. व्हर्जिनियात सगळे तंबाखू लावीत. तंबाखूने जमीन चोपडी होते आणि विलायतेतील आडत्याचे कर्ज मानेवर बसते. या गृहस्थाने १७६० नंतरच्या काही वर्षांत तंबाखू सोडून गहू धरला, फेरपालट सुरू केली आणि खताचे प्रयोग मांडले. एका पत्रात त्याने लिहिले होते, की मला असा कारभारी हवा, जो मिडास राजासारखा हात लावील त्याचे खत करील. सोन्याची पहिली पायरी तीच. १७८७ मध्ये त्याने शेणखतासाठी ही छपरी बांधवली. चारी बाजू उघड्या, खाली गोटे बसवलेली जमीन, म्हणजे पावसाने खत वाहून जाऊ नये आणि त्यातला रस मातीत मुरून वाया जाऊ नये. पुराणवस्तू संशोधकांना ती फरसबंदी जमिनीत सापडली आणि तिच्यावर ही छपरी पुन्हा उभी केली. उत्खननात राजमुकुट सापडावेत अशी आमची समजूत. येथे विद्वानांनी गुडघे टेकून उकिरडा उकरला! पण माझ्या शेतकरी आजोबांना तो मुकुटाहून मोलाचा वाटला असता.

या पागेत एक गाढवही राहून गेले आहे. गाढव खरे, पण राजघराण्यातले. स्पेनच्या राजाने ते १७८५ मध्ये नजराणा म्हणून धाडले आणि वॉशिंग्टनने त्याचे नाव 'रॉयल गिफ्ट' ठेवले. खेचरांची पैदास करावी, घोड्यापेक्षा खेचर कमी खाते आणि अधिक राबते, असा त्याचा हिशेब. पहिल्यापहिल्याने या शाही पाहुण्याने स्थानिक घोड्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. जावयाचे रुसवे सगळीकडे सारखेच, एवढेच म्हणायचे.

तेथून एक वाट उतरत नदीकडे जाते. खाली, जुन्या धक्क्याजवळ, एक चमत्कारिक इमारत आहे. दुरून वाटते गोल. मोजायला लागले की सोळा बाजू निघतात. हे वॉशिंग्टनचे मळणीघर. मूळ इमारत येथून दूर, डोग रन नावाच्या त्याच्या दुसऱ्या शेतावर होती. ती गेली, म्हणून तिचा आराखडा आणि एक जुने छायाचित्र यांवरून ही नवी उभारली आहे. आराखडा खुद्द धन्याने १७९२ मध्ये काढला. तो तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. राज्य चालवता चालवता खालच्या मजल्याला विटा किती लागतील याचा त्याने हिशेब केला आणि आकडा काढला, तीस हजार आठशे वीस!

आत शिरलो आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "खळे!"

खळेच होते ते. फक्त माडीवर नेलेले. वरच्या मजल्यावर मधल्या भागाभोवती दहा फूट रुंदीची गोल वाट. तिच्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरायच्या आणि वरून घोडे किंवा खेचरे फिरवायची. तळाच्या फळ्यांत दीड दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या. पेंढा वर राहतो आणि दाणे फटींतून खालच्या मजल्यावर पडतात. उघड्या खळ्यावरच्या मळणीत अर्धा माल मातीत जातो, पाऊस आला की सगळाच जातो, आणि राहिलेला रात्री चोरीला जातो. त्या तिन्हींवर हा एकच तोडगा. पण हे घर उभारले कोणी? त्याच्या गुलाम सुतारांनी. सोळा कोन जुळवणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

माझ्या डोळ्यांपुढे आमचे खळे उभे राहिले. सारवलेली गोल जमीन, मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात, बैलांच्या तोंडांना मुसक्या, आणि पातीमागे चालणारा आबा. आबा आमचा सालगडी. पाडव्याला त्याचे साल ठरे. धान्य, दोन धोतरे, एक घोंगडी, पायताण आणि वर काही रुपये. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत तो राहायचा. मला पातीमागे त्यानेच चालायला शिकवले. बैल शेपटी उचलू लागला, की धावत जाऊन शेण हातावर झेलायचे, दाण्यात पडू द्यायचे नाही, हेही त्यानेच. वाऱ्याचा अंदाज घेत वावडीवर उभा राहून तो धान्य उफणू लागला, की भुसा सोन्यासारखा उडे आणि आम्ही पोरे खाली डोळे चोळीत हसत असू.

मळणीघराशेजारी एक खोपट आहे. ओंडक्यांचे, एकाच खोलीचे, मातीच्या जमिनीचे. डोग रनवर अशाच खोपटात सिला नावाची बाई आपल्या मुलांसह राहत असे. तिचा नवरा जो हा चर खणणारा. त्याची नेमणूक हवेलीच्या शेतावर. आठवडाभर तो तिकडे आणि ती इकडे. शनिवारी रात्री दिवसभराचे काम आटोपून तो मैलोगणती चालत बायकामुलांकडे यायचा. असा संसार करणारी ती एकटीच जोडी नव्हती. मळणीघराचा सोळावा कोन ज्याने बिनचूक जुळवला, त्या धन्याला नवराबायको एका छपराखाली ठेवणे जुळवता आले नाही. किंवा जुळवावेसे वाटले नाही.

परत वर चढताना झाडीत एक निवांत जागा लागते. येथे गुलामांची दफनभूमी होती. कबरींवर नावे नाहीत. १९२९ मध्ये येथे एक साधी शिळा बसवली गेली. १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी योजलेले स्मारक उभे राहिले. २०१४ पासून संशोधक मातीचे वरचे थर हलक्या हाताने खरवडून कबरींच्या जागा शोधीत आहेत. कबर मात्र उकरीत नाहीत. थोड्याच अंतरावर वॉशिंग्टनची विटांची समाधी आहे. तेथे गर्दी होती. येथे एक वृद्ध कृष्णवर्णी जोडपे उभे होते. बाईंनी शिळेपाशी काहीतरी ठेवले आणि दोघे हात धरून निघून गेले.

हवेलीची आमची वेळ कधीच टळून गेली होती. बहीण मला शोधीत फुलबागेपलीकडच्या काचघरापाशी आली. उंच खिडक्यांचे हे घर वॉशिंग्टनने लिंबू-संत्र्यांच्या झाडांसाठी बांधवले. थंडीत त्यांना ऊब मिळावी म्हणून जमिनीखालून गरम हवेच्या वाटा काढल्या. मूळ इमारत १८३५ मध्ये जळाली. १९५० च्या सुमारास ती पुन्हा उभारताना व्हाइट हाउसच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या विटा वापरल्या. काचघराला दोन्ही बाजूंनी बुटके पंख जोडले आहेत. ती गुलामांची वस्ती. समोरून पाहावे तर नुसती शोभिवंत बागेची इमारत. वस्तीची दारे मागच्या बाजूला.

आम्ही दोघे आतल्या फळ्यांच्या मजलेदार बिछान्यांसमोर उभे राहिलो. बहीण म्हणाली, "दादा, आत काय सुरेख घर आहे! लाफायेतनं पाठवलेली बास्तीयच्या तुरुंगाची किल्ली ह्याच घरात जपलीय. तू काय पाहिलंस?"

मी तिला यादीविषयी सांगितले. १७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने आपल्या शेतांवरच्या सगळ्या गुलामांची यादी केली. तीनशे सतरा माणसे. त्यांपैकी एकशे तेवीस त्याची स्वतःची, एकशे त्रेपन्न पत्नी मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीची, बाकीची भाड्याने आणलेली. प्रत्येकाचे नाव, काम, नवरा किंवा बायको कोठे असते ते, सारे स्वच्छ अक्षरात. मृत्युपत्रात त्याने आपल्या मालकीच्या गुलामांना मार्थाच्या पश्चात मोकळे करावे असे लिहिले. मार्थाने वाट न पाहता १८०१ च्या पहिल्या जानेवारीला त्यांना मोकळे केले. इस्टेटीची माणसे मात्र त्याला कायद्याने सोडता येत नव्हती. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर ती तिच्या नातवंडांत वाटली गेली. म्हणजे एकाच घरात बाप मोकळा आणि आई-मुले गुलाम, असेही झाले.

"ही यादी मालमत्तेची होती," मी म्हटले, "पण त्यात नावं आहेत. म्हणून आज सिला आणि जो कोण होते ते कळतं."

बहीण गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्या आबाचं नाव काय रे?"

मी तोंड उघडले आणि मिटले. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यात बैलांची नावे आहेत: सर्जा, राजा, ढवळ्या. कोणता किती रुपयांना घेतला, कोणत्या बाजारात, तेही आहे. आणि दर पाडव्याला एक ओळ आहे: "गडी, साल." बस्स. आबा ही तर आम्ही पोरांनी मारलेली हाक!

आबा गुलाम नव्हता, हे मला ठाऊक आहे. साल संपले की त्याला दुसरीकडे जायची मुभा होती. त्याच्या पोरांवर आमची मालकी नव्हती. दोन गोष्टी एका तराजूत घालणे हे खऱ्या गुलामीत राबलेल्यांवर अन्याय करणारे आहे. पण एवढे म्हणून सुटताही येत नाही. ज्या धन्याने माणसे विकत घेतली, त्याच्या कागदात त्यांची नावे आहेत; आणि आमच्या, देवभोळ्या आणि प्रेमळ, आजोबांच्या कागदात आबाचे नाव नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर बहिणीने तो कागद मागितला. मी बॅगेतून काढून दिला. तिने तो दोनदा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला. "पुढचं काय वाटेल ते करा," ती म्हणाली, "मागची खोली पाडू नका." मी माझ्या सहीवर काट मारली.

भावाला पटवणे सोपे गेले नाही. "पाहुणे काय गोठा बघायला येणार आहेत?" त्याने दूरध्वनीवर विचारले. मी म्हटले, "मी दहा हजार मैल जाऊन उकिरडा बघितला." तो हसला, तेथेच निम्मे काम झाले. माउंट व्हर्ननची हवेलीसुद्धा एकदा पडायलाच आली होती. १८५३ मध्ये एका बाईने नदीतून जाताना तिची ती दशा पाहून मुलीला पत्र लिहिले. त्या मुलीने, अ‍ॅन पामेला कनिंगहॅमने, देशभरच्या बायकांची संस्था उभी केली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरना हवेली व दोनशे एकर जमीन विकत घेण्याचा करार केला. ती संस्था आजही हे घर सांभाळते. सांभाळायचे ठरवले म्हणजे सांभाळले जाते. मोटारींसाठी आता आम्ही वेशीकडची पडीक जागा घेतली आहे.

जूनमध्ये मी गावी गेलो. गड्याच्या खोलीचे कुलूप गंजले होते. ते फोडावे लागले. आत एक कोनाडा, काजळीने काळा झालेला, आणि खुंटीला मुसक्यांची एक जुनी जोडी. मग वरच्या आळीतल्या एका वृद्ध काकांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले, मग आबाचे पुरे नाव सांगितले. बापाचे सांगितले, गाव सांगितले. आबाची नात फलटणकडे दिली आहे, असेही म्हणाले. तिचा पत्ता मी शोधतो आहे.

घरी येऊन आजोबांची वही काढली. "गडी, साल" या ओळीपुढे थोडी जागा मोकळी होती. तेथे ते नाव लिहिले. अक्षर जरा वाकडे आले. पण वाचता येते.